धाडस शिकवता येतं का?

स्वसंरक्षणाच्या वर्गात पहिल्या दिवशी मुलींना सर्वांत जड जातं ते ओरडणं. पाय रोवून उभं राहायचं, दोन्ही तळहात छातीसमोर धरायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि पोटातून आवाज काढून म्हणायचं, 'मागे हो!' दोनच शब्द. पण पहिल्या खेपेला ते घशातच अडकतात. दुसऱ्या खेपेला आवाज निघतो तो विनवणीचा. शेजारच्या मैत्रिणीकडे बघून हसू फुटतं, नजर खाली जाते. पुढे पॅडवर ठोसे मारायला घेतले की एखादा फटका जोरात बसतो आणि लगेच तोंडातून निघतं, 'सॉरी, लागलं का?' या मुली काही नाजूक नसतात. त्यांतली एखादी कबड्डीच्या मैदानावर चढाईपटूचे पाय धरून त्याला जागेवर खिळवणारी असते, एखादी रोज विहिरीचं पाणी शेंदणारी. ताकद अंगात असते. ती स्वतःच्या बचावासाठी वापरण्याची सवय मात्र कुणी लावलेली नसते.

आज शाळा-महाविद्यालयं, पोलीस ठाणी, महिला मंडळं आणि गणेश मंडळंही स्वसंरक्षणाची शिबिरं भरवतात. तिथे कोणते डावपेच शिकवतात याची चर्चा होते. ते ऐन वेळी वापरण्याची मनाची तयारी कशी होते, यावर फारसं बोललं जात नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षक यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. त्या सगळ्याचं सार असं, की आत्मविश्वास भाषणं ऐकून येत नाही. तो अंगमेहनतीने आणि सरावाने कमवावा लागतो. तो कमवायची सोय वर्गात नसेल, तर शिकवलेलं तंत्र वाया जातं.

भीतीने शरीर काय करतं?

अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास 'लढा किंवा पळा' ही शरीराची प्रतिक्रिया मांडली. धोका दिसताच अॅड्रेनालिन उसळतं, काळीज धडधडू लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं. अशा वेळी धावणं, ढकलणं, लाथ मारणं जमतं, पण बोटांची नाजूक कामं बिघडतात. पर्समधला मिरचीचा फवारा शोधून त्याची खिट्टी काढणं घरी सोपं वाटतं, ते रस्त्यावर जमत नाही ते यामुळेच.

लढणं आणि पळणं यांच्या जोडीला तिसरी प्रतिक्रियाही असते: शरीर जागच्या जागी थिजणं. हातपाय गळतात, तोंडातून शब्द फुटत नाही, शुद्ध असते पण हालचाल करता येत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं. ४८ टक्क्यांचा अनुभव तर अतितीव्र होता. थिजणं हा दुबळेपणा नव्हे आणि होकार तर मुळीच नव्हे. मेंदूच्या खोल भागातून येणारी ती आपोआप घडणारी क्रिया आहे.

प्रतिकार न करण्याला होकार समजण्याची किंमत महाराष्ट्राला पन्नासेक वर्षांपासून माहीत आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडून दिलं, आणि त्या निकालात मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत हा मुद्दा ठळक होता. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर निदर्शनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहिलं, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही. स्वसंरक्षणाच्या प्रत्येक वर्गाने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. 'मी काहीच केलं नाही' ही बोच मनात घेऊन बसलेली मुलगी त्या रांगेत असू शकते.

भीतीच्या या शरीरशास्त्राचा शिकवण्यावर थेट परिणाम होतो. पर्याय जितके जास्त तितका निर्णयाला वेळ जास्त, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवलं. म्हणून वीस डाव दाखवण्यापेक्षा चारच डाव, पण हाडीमासी खिळेपर्यंत, हाच शहाणपणा. मनगट सोडवण्याचं उदाहरण घ्या. कुणी मनगट धरलं की शिकाऊ मुलगी हात सरळ मागे ओढते. मग सगळा खेळ ताकदीचा होतो आणि तिथे ती हरते. पकडीत कच्चा असतो तो अंगठा. आपलं मनगट फिरवून त्याची अरुंद बाजू समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या फटीकडे आणायची, कोपर त्याच्याकडे ढकलायचं आणि अंगठ्याच्या दिशेने हिसका द्यायचा. हात सुटतो. पण हे अंगी मुरतं कधी, तर जोडीदारीण खरोखर घट्ट धरते तेव्हा. मैत्रीखातर तिने पकड सैल सोडली, तर शिकणाऱ्या मुलीला खोटा धीर मिळतो. घट्ट पकडीतून दहा वेळा, वीस वेळा हात सुटला की चेहऱ्यावर जो बदल दिसतो, तिथून खरं शिक्षण सुरू होतं.

आत्मविश्वास येतो कुठून?

या बदलाचं शास्त्र मांडलं ते अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी. अमुक एक काम आपण करू शकतो, या विश्वासाला त्यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेची जाणीव असं तांत्रिक रूप दिलं आणि तिचे चार स्रोत सांगितले. पहिला आणि सर्वांत पक्का स्रोत म्हणजे स्वतः करून यशस्वी होण्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना बघणं. तिसरा, विश्वासातल्या माणसाने दिलेलं प्रोत्साहन. चौथा, आपल्याच शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ: छाती धडधडते आहे म्हणजे मी घाबरले, की अंग कामाला लागलं आहे?

आपल्याकडच्या शिबिरांत भर असतो तो तिसऱ्यावर. 'तुम्ही झाशीच्या राणीच्या लेकी आहात' हे ऐकून टाळ्या पडतात, पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी अंगचटीला आलं तर ते वाक्य हात उचलायला पुरत नाही. पहिल्या स्रोताचं महत्त्व दाखवणारी पद्धत अमेरिकेत १९७१ मध्ये मॅट थॉमस यांनी सुरू केली. कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळवलेल्या एका स्त्रीवर अत्याचार झाला आणि तिचं तंत्र तिच्या कामी आलं नाही, या घटनेतून 'मॉडेल मगिंग' हा प्रकार जन्मला. त्यात प्रशिक्षक डोक्यापासून पायापर्यंत जाड गाद्यांचं चिलखत घालून हल्लेखोराची भूमिका करतो. तो शिव्या देतो, अंगावर येतो, खाली पाडतो. शिकणारीला पूर्ण ताकदीने मारायची मुभा असते. घाबरलेल्या अवस्थेतच सराव झाल्यामुळे पुढे त्या अवस्थेत शरीर गडबडत नाही.

एलिझाबेथ ओझर आणि बांडुरा यांनी या पद्धतीने शिकलेल्या ४३ स्त्रियांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. बचाव करता येईल हा विश्वास वाढलाच, शिवाय मनात सतत घोळणारे भीतीचे विचार आटोक्यात आले आणि ज्या ठिकाणी जाणं त्या टाळत होत्या तिथे त्या जाऊ लागल्या. ज्यांच्यावर पूर्वी बलात्कार झाला होता, त्यांचा विश्वास सुरुवातीला इतरांपेक्षा कमी होता. शिक्षण संपताना हा फरक उरला नाही. स्वसंरक्षणाच्या शिक्षणातून हाती येणारी ही सर्वांत मोठी मिळकत म्हणायला हवी. मारामारीची वेळ आयुष्यात कधी येणारही नाही, पण संध्याकाळी वाचनालयात जाणं, दुसऱ्या शहरात नोकरी पत्करणं, एकटीने प्रवास करणं हे रोजच्या आयुष्याचे प्रश्न आहेत.

ओळखीच्या माणसापुढे

स्वसंरक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे येतो अंधारा रस्ता आणि अनोळखी गुंड. वस्तुस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात: नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं आमिष दाखवणारे. अनोळखी माणसाच्या नाकावर ठोसा मारायची मनाची तयारी एक वेळ होईल. पण दूरच्या काकांचा खांद्यावरचा हात झटकायचा कसा? क्लासच्या सरांना 'माझ्या एवढ्या जवळ उभे राहू नका' म्हणायचं कसं? आड येतात ते संस्कार. मोठ्यांना उलट बोलू नये, चारचौघांत तमाशा करू नये, लोक काय म्हणतील. लहानपणापासून अंगी मुरवलेलं हे वळण ऐन वेळी हात आणि जीभ दोन्ही बांधून ठेवतं.

या अडथळ्यावर नेमकं बोट ठेवणारा अभ्यास कॅनडातल्या विंडसर विद्यापीठाच्या शार्लीन सेन यांचा. त्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी तीन-तीन तासांच्या चार सत्रांचा अभ्यासक्रम तयार केला. धोक्याची चिन्हं ओळखणं, ओळखीच्या माणसाला विरोध करताना मनात येणारा संकोच मान्य करून त्यावर मात करणं, तोंडाने आणि हातापायांनी प्रतिकार करणं, आणि नातेसंबंधांत आपल्याला काय हवं-नको ते स्पष्ट होणं, असे त्याचे भाग. तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला हा अभ्यासक्रम दिला, दुसऱ्याला माहितीपत्रकं. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, अभ्यासक्रमाच्या गटात ५.२ टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांचं प्रमाण ९.३ वरून ३.४ टक्क्यांवर आलं. फक्त बारा तासांच्या शिक्षणाने एवढा फरक पडतो, आणि त्या बारा तासांतला मोठा वाटा मनाच्या तयारीचा आहे.

गरिबीतही हे शक्य आहे, याची खूण नैरोबीत दिसते. तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या शाळकरी मुलींना सहा आठवड्यांत मिळून बारा तास शिकवलं. २०१३ च्या अहवालानुसार त्यांच्यातलं वार्षिक लैंगिक अत्याचाराचं प्रमाण २४.६ वरून ९.२ टक्क्यांवर आलं, तुलनेच्या गटात जवळपास फरक पडला नाही. शिकलेल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ते कौशल्य प्रत्यक्ष वापरलं होतं. गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती, म्हणून या आकड्यांना कॅनडाच्या अभ्यासाइतकं वजन देता येत नाही. पण दिशा तीच आहे.

धीर आणि दांडगाई

'प्रतिकार केलास तर तो जास्त मारेल, गप्प राहा' हा सल्ला पिढ्यान्पिढ्या दिला गेला. सारा उलमन आणि इतर संशोधकांच्या कामातून त्याला आधार मिळत नाही. ओरडणं, पळणं, जोरदार शारीरिक प्रतिकार यांनी बलात्कार टळण्याची शक्यता वाढते. रडणं, विनवण्या करणं यांचा उपयोग होताना दिसत नाही. स्त्रिया बहुधा हल्लेखोराने मारायला सुरुवात केल्यावरच प्रतिकार करतात, म्हणून इजा आणि प्रतिकार जोडीने दिसतात. प्रतिकारामुळे इजा वाढते असं मात्र एकूण पुराव्यात दिसत नाही.

पण याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. चार शिबिरं करून 'आता मला कुणी हात लावू शकत नाही' असं वाटू लागलं, तर तो आत्मविश्वास धोक्याचा. जाणता प्रशिक्षक पहिला धडा निघून जाण्याचा देतो. चाकू दाखवून कुणी मोबाइल मागत असेल तर मोबाइल देऊन टाकायचा. समोर तिघं असतील तर लढायचं ते पळायला वाट मिळण्यापुरतंच. विचार करा, ओरडा, पळा, लढा, सांगा, ही पाच पायऱ्यांची शिकवण जगभरच्या अनेक वर्गांत देतात. त्यात लढणं चौथं येतं, आणि 'सांगा' ही शेवटची पायरी बाकीच्या चारइतकीच महत्त्वाची आहे. ११२ वर फोन लावणं, घरी सांगणं, तक्रार नोंदवणं हाही बचावाचाच भाग आहे.

असाच जपून वापरायचा एक अभ्यास बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन यांचा. १९८१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालणाऱ्या लोकांचं चित्रण हल्ल्याच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना दाखवलं. सोपं सावज कोण, यावर कैद्यांचं बऱ्यापैकी एकमत झालं, आणि ते ठरलं चालण्याच्या ढबीवरून. यातून घ्यायचं ते एवढंच, की ताठ मानेने, आजूबाजूला लक्ष ठेवून चालणं उपयोगाचं असतं. वाकून चालली म्हणून तिच्यावर हल्ला झाला, असा उलटा अर्थ कुणी काढू नये.

आपली तालीम, आपली शिबिरं

महाराष्ट्राला शरीरशिक्षणाची मोठी परंपरा आहे. कोल्हापूरच्या तालमींत वस्तादांच्या नजरेखाली मर्दानी खेळ शिकवले जातात, आणि आज तिथे लाठी, दांडपट्टा फिरवणाऱ्या मुलीही दिसतात. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे.  तालीम एक गोष्ट कधीच विसरली नाही: रोज यायचं, रोज घाम गाळायचा, आणि वस्तादाने वर्षानुवर्षं पाठीशी उभं राहायचं. बांडुरांचे चारही स्रोत तिथे आपसूक जुळून येतात. उणीव आहे ती ओळखीच्या माणसापुढे बोलण्याच्या सरावाची. मिरवणुकीत दांडपट्टा फिरवणारी मुलगीही घरातल्या माणसापुढे गप्प होऊ शकते.

शासनाची योजनाही आहे. समग्र शिक्षा अभियानाखाली सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' चालतं. शाळेला दरमहा ५,००० रुपये असे तीन महिन्यांचे पैसे मिळतात. तीन महिने हा काळ चांगला आहे, तो पुरेपूर वापरला तर. प्रशिक्षक कोण, किती मुलींमागे एक, आणि आवाजाचा, नकार देण्याचा, प्रसंग उभे करून सराव करण्याचा त्यात किती वाटा, यावर सगळं ठरतं. मैदानावर चारशे मुली रांगेत उभ्या करून दीड तासात प्रात्यक्षिक, मग प्रमाणपत्र आणि फोटो, याला शिक्षण म्हणता येत नाही.

कायद्याची माहिती हाही मनाच्या तयारीचा भाग आहे. 'मी मारलं तर माझ्यावरच केस होईल' या भीतीने अनेकींचा हात मागे येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा अॅसिड फेकण्याच्या हल्ल्यात तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. मुख्य मर्यादा अशी, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी माणूस तराजू घेऊन मोजमाप करत बसू शकत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये मांडली. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीही १९४२ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहून गेले, की हल्ला झालेल्या स्त्रीने हिंसा-अहिंसेचा विचार करत थांबू नये, स्वतःला वाचवणं हे तिचं पहिलं कर्तव्य आहे.

एक गंभीर आक्षेप

गुन्हा पुरुषाने करायचा आणि तो टाळायची मेहनत बाईने घ्यायची, हा कुठला न्याय? हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर शिकवण्याच्या पद्धतीतच द्यावं लागतं. सेन यांच्या अभ्यासक्रमात जबाबदारी फक्त हल्लेखोराची, हे पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. शिकूनही ज्या मुलींवर अत्याचार झाला, त्यांनी न शिकलेल्या मुलींच्या तुलनेत स्वतःला कमी दोष दिला. शिक्षणाने दोषाचं ओझं वाढलं नाही, ते उतरलं. जो प्रशिक्षक मुलींच्या कपड्यांवर आणि घरी परतण्याच्या वेळेवर बोलतो, तो मात्र उलट काम करतो. आणि मुलांचं शिक्षण याबरोबरच व्हायला हवं. मुंबईच्या पालिका शाळांत २००८ च्या सुमारास मुलामुलींना एकत्र बसवून समानतेचे धडे देण्याचा 'जेम्स' उपक्रम झाला होता. असे उपक्रम अपवाद राहता कामा नयेत.

धाडस शिकवता येतं, पण एका दुपारी नाही. म्हणून मुलीला वर्गाला घालताना कोणती पदकं मिळाली ते विचारण्याआधी पुढच्या गोष्टी विचारा. वर्ग किमान काही आठवडे चालतो का? ओरडण्याचा आणि नकार देण्याचा सराव होतो का? घट्ट पकडीतून सुटायला लावतात का? ओळखीच्या माणसाचा प्रसंग उभा करतात का? प्रशिक्षक दोष कुणाला देतो? आणि घरी एवढं करा: पाहुण्यांच्या मांडीवर बसायला ती नको म्हणाली तर तिला रागावू नका, तिचं 'नको' तिथल्या तिथे मान्य करा. ज्या मुलीचा नकार घरात ऐकला जातो, तिलाच तो बाहेर ठणकावून सांगता येतो.